ढिगाच्या पोटातली धग

सोलापुरात राहून जन्मभर उष्णतेचा अभ्यास केला, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. "त्याला अभ्यास कशाला लागतोय मॅडम? मे महिन्यात भर दुपारी नव्या पेठेत उभं राहायचं की!" हा विनोद मी इतक्यांदा ऐकलाय की हल्ली मीच तो आधी करून मोकळी होते. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायचे आणि त्याबरोबर आजूबाजूच्या कारखान्यांना हिशेब करून द्यायचे. कुठली वस्तू किती वेळात तापेल, किती वेळात निवेल, बाहेरून गार लागली तरी आत किती गरम असेल, असले हिशेब. निवृत्त झाले तरी फोन येतात. माझ्या वडिलांनी गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले. त्यांना माझं कौतुक फार, पण मी नेमकं काय करते हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. "आमची पोरगी धग मोजते," असं ते वस्तीत सांगायचे. पदव्यांच्या भेंडोळ्यापेक्षा मला ते वर्णन जास्त आवडतं.

ज्या समीकरणाच्या जिवावर मी पगार घेतला त्याचं नाव ऐकून माणूस दचकतो: आंशिक अवकल समीकरण. मुलं नुसतं पीडीई म्हणायची आणि त्या तासाला दांडी मारायची. आत गोष्ट साधी आहे. एखाद्या वस्तूतला प्रत्येक ठिपका फक्त आपल्या लगतच्या शेजाऱ्यांकडे बघतो. शेजारी सरासरीने आपल्यापेक्षा गरम असतील तर तो तापतो, गार असतील तर निवतो. फरक जेवढा मोठा, तेवढा बदल झपाट्याने. लांबच्या कुणाशी त्याचं काही देणंघेणं नसतं. मधल्या ठिपक्याची खबर काठापर्यंत शेजाऱ्या-शेजाऱ्यातून, हळूहळू पोचते. तापमान जागेप्रमाणेही बदलतं आणि वेळेप्रमाणेही, म्हणून दोन्ही बदल वेगवेगळे धरायचे. 'आंशिक' म्हणजे एवढंच. संगणकावर आम्ही वस्तूचे बारीक चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनाला पुन्हा पुन्हा विचारतो, शेजारी काय म्हणतात?

यातून एक गोष्ट निघते, ती लोकांना पटता पटत नाही. जाडी दुप्पट केली की धग आतून बाहेर यायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना असलेले राजेशम शेठ माझ्याकडे आले होते. पाठवलेल्या टॉवेलच्या गाठी उघडल्या की मधले टॉवेल पिवळे पडलेले आणि कुबट वासाचे. मी जाऊन बघितलं, तर ड्रायरमधून निघालेला गरम माल लगेच दाबून गाठी बांधत होते, आणि त्याही वर्षभरापासून मोठ्या केल्या होत्या.

"मॅडम, हात लावून बघा, बाहेरून गार हाय की."

"बाहेरून गारच लागणार, शेठ. आत चार-चार दिवस गरम राहतंय. गाठ दुप्पट केलीत, आता चौपट वेळ धरा."

"चौपट लई होतंय हो. दुप्पट धरा की. आपली जुनी वळख हाय."

ते मनापासून घासाघीस करत होते. शेवटी मी एक गाठ मध्यातून फोडून त्यांचा हात आत घातला. दुसऱ्या दिवसापासून ते माल मोकळा पसरून निववायला लागले. दिवाळीला चादर पाठवतात आणि फोनवर हमखास विचारतात, "चौपटचं काय कमी झालं का?"

या गणिताची दुसरी खोड मात्र हसण्यासारखी नाही. ते पुढे चालतं, मागे चालत नाही. आत्ता काय आहे ते द्या, उद्या काय होईल ते मी सांगेन. पण आत्ताच्यावरून काल काय होतं ते विचाराल तर पंचाईत. ओट्यावर कोमट चहा दिसला. तो उकळता असून तासापूर्वी ओतला, की जेमतेम गरम होता आणि आत्ताच ओतला, हे नुसत्या कोमटपणावरून सांगता येत नाही. उष्णता पसरते तशा आपल्या खाणाखुणा पुसत जाते. वर्गात मी हे फळ्यावर सिद्ध करून दाखवायचे आणि पुढच्या प्रकरणाकडे वळायचे. एका माणसाची अब्रू यावर लोंबकळेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मंगळवेढ्याच्या बाजूला एक साखर कारखाना आहे. नाव सांगत नाही. उसाचा रस काढून उरलेला भुसा, ज्याला तिथे बगॅस म्हणतात, तो बॉयलरला जाळतात आणि शिल्लक राहिलेला आवारात रचून ठेवतात. त्या वर्षी जागा अपुरी पडली म्हणून ढीग नेहमीच्या जवळजवळ दुप्पट उंच रचला. ओल्या बगॅसला एक गुण आहे, तो आतल्या आत कुजताना स्वतःच तापतो. ढीग लहान असेल तर ही धग बाहेर निघून जाते. मोठा असेल तर बाहेर निघण्याआधीच नवी तयार होते आणि आत साठत राहते. म्हणून ढिगात लोखंडी नळ्या खुपसून मधूनमधून तापमान बघायचं असतं. नळ्या जुन्या उंचीच्या होत्या. नव्या ढिगाच्या मध्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून त्या वर्षी घातल्याच नाहीत. नव्या मागवायचं कुणाच्या मनात आलं नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी ढिगातून धूर निघाला. महादेव नावाचा कामगार पाण्याचा पाइप घेऊन वर चढला. वरून ढीग धडधाकट दिसत होता, आतून तो जळून पोकळ झाला होता. महादेवच्या पायाखाली तो खचला. त्याला बाहेर काढून सोलापूरला दवाखान्यात आणलं, पण तो वाचला नाही.

पोलिसांनी आणि कारखान्याने विचारपूस सुरू केली, तेव्हा ढिगावर काम करणारा सिद्राम आपणहून पुढे आला. हा महादेवच्याच गावचा, बरोबर वाढलेला. आदल्या दिवशी संध्याकाळी ढिगाच्या पायथ्याला बसून आपण बिडी ओढली, असं त्याने सांगून टाकलं. सगळ्यांनाच हायसं वाटलं. आग बिडीची असेल तर एक माणूस दोषी, प्रकरण मिटलं. ढीग एवढा उंच का रचला, नळ्या का घातल्या नाहीत, हे मग कुणी विचारणार नव्हतं. सिद्रामला घरी बसवलं, त्याच्यावर गुन्हा दाखल करायची तयारी झाली. चौकशी समिती नेमली होती, तिने औपचारिकता म्हणून तज्ज्ञाचं मत मागवलं. ती तज्ज्ञ मी.

मी गेले तेव्हा समितीने सिद्रामला बोलावून घेतलं होतं. पन्नाशीचा, हाडकुळा माणूस. खुर्ची दिली तरी बसेना.

"मॅडम, म्या बिडी वढली व्हती. खोटं कशाला बोलू?"

"विझवली होती ना?"

"पायाखाली चिरडली व्हती. आता वाटतंय, नीट चिरडली न्हाय. रोज त्योच पाय दिसतोय मला." मग म्हणाला, "मॅडम, तुमी कायबी लिवा. म्यादूला म्याच मारला."

महादेवला तो म्यादू म्हणायचा. मला राग आला, कुणाचा ते नीट कळलं नाही. गुन्हा लादलेला माणूस आकांत करतो, मला तो समजतो. हा माणूस गुन्हा छातीशी धरून बसला होता.

जेसीबीने ढीग कापून उघडला होता. मध्यभागी काळी पोकळी, तिच्याभोवती करपलेला भुसा, आणि मग दोन्ही हात पसरावेत एवढ्या जाडीत काळ्याचा तपकिरी, तपकिरीचा पिवळा होत गेलेला. सिद्राम जिथे बसला होता तिथला भुसा पिवळाधमक होता, जराही करपलेला नव्हता. मी समितीच्या अध्यक्षांना सांगितलं, एवढी जाड, सावकाश फिकी होत गेलेली पट्टी एका रात्रीत होत नाही. बगॅसमधून धग मुंगीच्या पावलाने जाते. हे काही महिन्यांचं काम आहे.

अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, शांत आणि हुशार गृहस्थ होते. ते म्हणाले, "मॅडम, आग लागल्यावर ढीग आठवडाभर धुमसत होता. भुसा तेव्हा करपला नसेल कशावरून? आणि बिडीची ठिणगी वाऱ्याने वरच्या फटीत गेली नसेल कशावरून?"

प्रश्न बरोबर होता, म्हणूनच चीड आली. जे मी फळ्यावर शिकवलं तेच ते मला साध्या मराठीत ऐकवत होते. आज दिसणाऱ्या ढिगाला एकापेक्षा जास्त भूतकाळ चालत होते. त्यातल्या एकात सिद्राम निर्दोष होता आणि एकात नव्हता. आग लागण्याच्या आधीचं, कधीचं तरी एक माप हवं होतं. तिथून पुढे मला चालता आलं असतं. पण नळ्याच नव्हत्या.

दुपारी मी कँटीनच्या मागे झाडाखाली डबा उघडला. सिद्राम लांब उभा होता, त्याला हाक मारून बसवलं आणि अर्धी भाकरी दिली. भाकरी हातात धरून तो म्हणाला, "गार झालीया. आमचा डबा कवाच गार नसायचा."

"का? इथे गरम करायची सोय आहे?"

"सोय कसली. ढिगात ठिवायचो की. सकाळच्याला हात घालून भोक पाडायचं, डबा फडक्यात गुंडाळून आत सारायचा, वरनं भुसा लोटायचा. जेवायच्या वक्ताला गरमागरम." मग घाईने म्हणाला, "परवानगी न्हाय त्याला. पर समदीच ठिवत्यात. लई वर्साची रीत हाय."

"आणि यंदा?"

"औंदा तर लई तापायचा. आदी खांद्यापातूर हात घालावा लागायचा. औंदा कोपरापातूरबी न्हाय, तरी कालवण रटरटायचं. फडकं धरल्याबिगर डबा काढता यायचा न्हाय. म्यादू म्हनायचा, ढिगानं चूल मांडलीया औंदा."

"कधीपासून, सिद्राम? नीट आठवून सांगा."

"संक्रांतीच्या वक्तापासनं."

माझा घास हातातच राहिला. जानेवारी म्हणजे थंडीचे दिवस, तेव्हा उन्हाचं निमित्त सांगता आलं नसतं. तसंही दिवसभराचं ऊन बगॅसमध्ये वीतभराच्या खाली पोचत नाही. बिडीच्या कितीतरी आधी, काठापासून हातभरही आत नाही तिथे कालवण रटरटत होतं, तर मध्यावर काय असेल! दुसऱ्या दिवशी मी घरी बसून संगणकावर हिशेब मांडला. जानेवारीतल्या त्या डब्यापासून सुरू केलं आणि ढिगाला महिन्यामागून महिना पुढे जाऊ दिलं. भुसा जास्त ओला धरला, कमी ओला धरला, हवा कमीजास्त केली. थोडं मागेपुढे होत होतं, पण प्रत्येक वेळी उन्हाळ्याच्या तोंडाला ढिगाचं पोट आपसूक पेटत होतं. त्याला बाहेरची काडी लागत नव्हती.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पण हे सांगतंय कोण? ज्याच्यावर आरोप आहे तोच."

बाकी कामगारांना विचारलं. डबा ढिगात ठेवायला मनाई होती. कुणीच कधी ठेवला नव्हता. एकाने तर असली रीत आपण पहिल्यांदाच ऐकतोय असं सांगितलं. मी त्यांना नावं ठेवत नाही, नोकरी सगळ्यांनाच हवी असते. मी सिद्रामला विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे का?

"म्यादू घरला सांगायचा. वैनीस्नी म्हाईत असंल." आणि मान खाली घातली. "पर मॅडम, म्या त्यांच्या म्होरं कंच्या तोंडानं जाऊ?"

म्हणून मी गेले. एसटीने गावात उतरून महादेवचं घर विचारलं. त्याची बायको सुमन ज्वारी पाखडत होती. मी कोण, कशाला आले, सगळं सरळ सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही. तिने सूप बाजूला ठेवलं.

"त्याला सोडवाया आलाय व्हय तुमी?"

"मी कुणाला सोडवायला आले नाही, सुमनताई. आग कशाने लागली ते शोधायला आले."

"बिडीनं लागली. त्येनं सोताच्या तोंडानं सांगितलंय."

"त्याला तसं वाटतंय. वाटणं आणि असणं यात फरक आहे." मी तिला डब्याचं विचारलं. तिच्या उत्तराने काय होईल हेही सांगितलं. महादेवच्या मरणाला सिद्राम जबाबदार नाही असं ठरेल, आणि मग राग काढायला समोर कुणी एक माणूस उरणार नाही. हे सांगताना मला फार जड गेलं. पण न सांगता उत्तर काढून घेणं मला पटलं नसतं.

ती उठली, मला चहा करून दिला आणि म्हणाली, "आता जावा तुमी. शेवटची गाडी चुकंल." हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. येताना बसमध्ये मला वाटलं, संपलं सगळं. आणि ती बोलली नाही तर तिला दोष देता येणार नाही, हेही वाटलं.

समितीच्या शेवटच्या बैठकीच्या दिवशी ती आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरून दाराशी उभी होती. सिद्राम व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता, त्याच्याकडे तिने बघितलं नाही. अध्यक्षांनी तिला खुर्ची दिली आणि डब्याचं विचारलं.

"संक्रांतीला आमचं मालक म्हनलं," ती म्हणाली, "आता सकाळी उठून कालवण तापवत बसू नगंस. रातचंच घाल डब्यात. ढीग लई तापलाय, आपसूक गरम हुतंय. तवापासनं म्या तापवलं न्हाय."

"नक्की संक्रांत? नंतर उन्हाळ्यात नाही?"

"संक्रांतीचा वाणवसा झाला, त्याच्या दुसऱ्या दिसापासनं. म्या कशी इसरंन, सायेब? तवापासनं मला सकाळी जरा जास्त झोपाय मिळायचं." इथपर्यंत तिचा आवाज स्थिर होता. "मला बरं वाटायचं वो. मी ढिगाला दुवा द्यायची. म्हनायची, ढीग असाच तापू दे."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

निकाल पुढे यथावकाश आला. आग आपोआप लागली, सिद्रामचा त्यात दोष नाही, त्याला कामावर घ्यावं. आवारात बिडी ओढल्याबद्दल समज. ढिगाची उंची ठरवून दिली, लांब नळ्या आल्या. ढीग उंच रचायचा हुकूम देणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. 'व्यवस्थेतली त्रुटी' असे दोन शब्द अहवालात आहेत, त्यात तो मावून गेला. याची रुखरुख मला अजून आहे. मी धग मोजणारी बाई. माणसं कुठल्या हुकुमाने वर चढतात याचं समीकरण माझ्याकडे नाही. दर हंगामात त्या कारखान्यातल्या नळ्यांचे आकडे मला येतात. ते मी चष्मा लावून दोनदा वाचते.

पण निकाल नंतरचा. त्या दिवशी सुमन बोलून बाहेर आली, मी तिच्या मागोमाग होते. सिद्राम धडपडत उभा राहिला. आतलं सगळं त्याने उघड्या खिडकीतून ऐकलं होतं. ती त्याला ओलांडून पायरीपर्यंत गेली, तिथे थांबली, आणि पाठमोरीच म्हणाली,

"भावजी, सांच्याला घरला या. पोरगी रोज इचारतीया, काका कुटं गेलं म्हनून. मला न्हाय सांगता येत."